क्रिकेटचे सामने आपल्या नगरीत आणावेत काय?

२०२३ च्या जून महिन्यात महाराष्ट्र प्रीमियर लीग या स्पर्धेचा पहिला मोसम झाला. त्यातील सहा संघांपैकी एकास 'छत्रपती संभाजी किंग्ज' असे नाव होते. आमच्या विद्यार्थ्यांस साहजिकच हर्ष झाला. परंतु सर्व सामने पुण्याजवळील गहुंजे येथेच झाले. नाव आपले आणि मैदान दुसऱ्याचे, असा हा प्रकार! तेव्हापासून मधल्या सुट्टीत एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो : असे सामने आपल्या नगरीत का होऊ नयेत? प्रश्न पोरकट नाही. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

स्पर्धेत नवा संघ कोणत्या तत्त्वावर घेतात, हे प्रथम पाहावे. मुंबईच्या जुन्या सामन्यांत हे तत्त्व धर्माचे व वंशाचे होते. १८९२ पासून युरोपियन व पारशी खेळत. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान, आणि १९३७ साली पाचवा संघ आला त्याचे नाव 'दि रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. ख्रिस्ती व यहुदी खेळाडू या उरलेल्यांत मोडत. (नाव काही भूषणावह नव्हे, हे कबूल केले पाहिजे.) परंतु त्याच उरलेल्यांत सांगलीचे विजय हजारे होते. १९४३ च्या डिसेंबरातील अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध, फॉलोऑन मिळाल्यावर, संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांनी ३०० धावांच्या भागीदारीत अवघ्या २१ धावा केल्या. पण ते दुसऱ्या टोकास टिकून राहिले म्हणूनच हा पराक्रम घडला. सामना मात्र डावाने गेला. ज्यांस दार बंद होते त्यांस पाचव्या संघामुळे ते उघडले, हा लाभ खरा. तथापि धर्मावरून माणसे वाटून खेळविणे वाईटच, आणि १९४६ साली ती स्पर्धा संपली हे योग्य झाले. १९३४ साली सुरू झालेली रणजी स्पर्धा प्रांतांची होती. ती आजही चालू आहे.

आता प्रांताची जागा शहराने घेतली आहे, आणि शहराचा संघ विकत घेता येतो. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०११ साली कोची व पुणे हे दोन नवे संघ आले. कोचीचा संघ एकाच मोसमात संपला. पुण्याचा २०१३ नंतर राहिला नाही. उलट उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने १९९८ साली मेलबर्न येथे संघ उभा केला. त्या शहरास निराळ्याच फुटबॉलचे वेड. तरी दुसऱ्याच वर्षी त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. तेव्हा नव्या शहरात खेळ रुजत नाही असे म्हणवत नाही.

परंतु मराठवाड्यात मैदानाचा प्रश्न हा पाण्याचा प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मुंबई, पुणे व नागपूर येथील मैदानांस सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे अर्जदारांचे म्हणणे होते. पुण्याच्या नव्या संघास विशाखापट्टणम् येथे बिऱ्हाड करावे लागले. हा निर्णय कित्येक विद्यार्थ्यांस जाचक वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या नगरीचे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून येते, आणि कित्येक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या मातांस विचारावे.

सामने आले तर रिक्षावाल्यांस व खाणावळींस चार पैसे मिळतील, असे काही पालक म्हणतात. ते खरे आहे, पण ते पंधरवड्यापुरतेच. आमच्या मते मोसमच बदलावा. जून महिन्यात, जलाशय तळास गेलेला असताना, स्पर्धेचा आग्रह धरू नये. पावसाळा चांगला झाल्यास हिवाळ्यात रणजीचा एखादा सामना मागावा. तो चार दिवस चालतो, गर्दी थोडी असते, आणि मुलांस खेळाडूंचे पायही नीट पाहता येतात. शिवाय शाळांच्या मैदानांवर खेळपट्ट्या हव्यात. या शहरात जन्मलेले इक्बाल सिद्दिकी २००१ साली मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध भारतातर्फे कसोटी खेळले. तेव्हा येथे कोणतीही लीग नव्हती.