थिबा राजाचे नवे घर

मनुष्य जेव्हा जुने गाव सोडून नव्या गावी राहावयास जातो, तेव्हा त्याचे मन द्विधा होते. नवे घर कसे असेल, त्याच्या खिडकीतून काय दिसेल, शेजारी कसे भेटतील, अशी उत्सुकता एकीकडे असते. मागे राहिलेल्या अंगणाची ओढ दुसरीकडे असते. परंतु ज्याला जुने घर स्वतःच्या इच्छेने सोडता आले नाही आणि नव्या घराच्या दाराबाहेरही स्वतःच्या इच्छेने जाता आले नाही, अशा एका राजाची हकीकत रत्नागिरी शहराशी निगडित आहे. तो राजा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा.

ब्रह्मदेशास आज म्यानमार असे म्हणतात. तेथील मंडाले नगरीत थिबा १८७८ साली गादीवर आला. त्याचा राजवाडा सागवानी लाकडाचा असून त्यावर सोनेरी मुलामा दिलेला होता. १८८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्रजांच्या आगबोटी इरावती नदीतून मंडालेकडे निघाल्या आणि अवघ्या पंधरवड्यात राज्य बुडाले. थिबा तेव्हा केवळ २६ वर्षांचा होता. त्याला व राणी सुपायालत हिला राजवाडा सोडून नदीकाठच्या आगबोटीवर जावे लागले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य इंग्रजी साम्राज्यास जोडण्यात आले. राजाला प्रथम मद्रासेस ठेवले व त्याच वर्षी एप्रिल महिन्यात रत्नागिरीस आणले.

एवढ्या मोठ्या हिंदुस्थानात रत्नागिरीच का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे याचा उलगडा होतो. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची उभी भिंत, यांच्यामध्ये हे गाव वसलेले. आगगाडी तेथे नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्यास पुढे १९९८ साल उजाडावे लागले. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत. शिवाय ब्रह्मदेश येथून शेकडो कोस दूर, तोही उपखंडाच्या दुसऱ्या टोकास. राजाला त्याच्या प्रजेपासून तोडावयाचे, तर याहून सोयीची जागा इंग्रज सरकारला कोठे मिळणार?

रत्नागिरीत राजाचे कुटुंब प्रथम सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यात राहिले. चार राजकन्यांपैकी दोघींचा जन्म मंडालेत, तिसरीचा मद्रासेस, तर सर्वांत धाकटीचा १८८७ साली रत्नागिरीतच झाला. राजाला सरकारी तनखा मिळे. पण भोवती पहारा असे आणि परवानगीवाचून गावाबाहेर जाता येत नसे. त्याने सरकारकडे वारंवार अर्ज केले, तक्रारी मांडल्या. वर्षांमागून वर्षे गेली. बंगल्यात आलेला तरुण राजा पन्नाशीला पोहोचला, तेव्हा कोठे त्याच्यासाठी स्वतंत्र राजवाडा उभा राहिला. १९१० साली, म्हणजे रत्नागिरीस आल्यापासून २४ वर्षांनी, राजकुटुंब या नव्या घरी राहावयास गेले.

हे घर खरोखर देखणे आहे. उंच सड्यावर बांधलेली ही तीन मजली वास्तू जांभ्या दगडाची आहे. जांभा हा कोकणचा दगड. तो खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज पाडता येतात. पुढे वाऱ्यावर राहिला की तो टणक होतो. कोकणात पाऊस मोठा. म्हणून वाड्याची छपरे उतरती ठेवली आहेत. पाणी त्यांवर साचून न राहता पागोळ्यांनी निथळून जाते. खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानींवर लाकडी नक्षीकाम आहे आणि त्यांत रंगीत काचा बसविल्या आहेत. दिवाणखान्याची फरशी संगमरवरी आहे. सड्याच्या टोकाशी उभे राहिले, तर खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. एखाद्या प्रवाशाला वाटावे, की येथे राहणारा किती भाग्यवान!

परंतु त्याच १९१० साली दूर मंडालेत काय चालले होते ते पाहा. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा भोगीत मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदिवान, असा हा विलक्षण योग होता. एकाला तुरुंगाची कोठडी, तर दुसऱ्याला संगमरवरी दिवाणखाना. तथापि दोघांच्याही दाराची किल्ली एकाच सत्तेच्या हाती होती. टिळकांनी त्या कोठडीत ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लिहिला आणि १९१४ साली ते स्वदेशी परतले. थिबाच्या शिक्षेला मात्र मुदतच नव्हती.

नव्या राजवाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली. १९१६ सालच्या डिसेंबर महिन्यात त्याचे निधन झाले. पतीचे अंत्यसंस्कार आपल्या देशी व्हावेत अशी राणीची इच्छा होती. पण सरकारने ती मानली नाही. अखेर १९१९ साली रत्नागिरीतच राजाची समाधी बांधण्यात आली आणि त्याच वर्षी राणीला रंगूनला परतण्याची मोकळीक मिळाली. मंडालेला तिला जाऊ दिले नाही. त्या रंगूनमध्येच दिल्लीचा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर याची कबर आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्याला तेथे हद्दपार केले होते आणि १८६२ साली तो तेथेच मरण पावला. दोन देशांच्या शेवटच्या राजांनी अशा रीतीने एकमेकांच्या भूमीत चिरविश्रांती घेतली. २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले.

या हकीकतीला आणखी एक बाजू आहे. थिबाची थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीस परत आली आणि १९४७ साली येथेच वारली. तिची कन्या टूटू रत्नागिरीच्या सामान्य माणसांत वाढली. ती मराठी बोले, येथल्याच घरात तिने संसार केला आणि २००० साली तिचे निधन झाले. आजोबांना जे गाव तुरुंगासारखे होते, ते नातीला माहेर आणि सासर झाले. तिच्यापाशी ना राजवाडा होता, ना तनखा. परंतु तिच्या दारावर पहारा नव्हता, आणि शेजारणीच्या दाराशी जाण्यास तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

घर सुंदर असावे, हवेशीर असावे, त्यातून समुद्र दिसावा, असे कोणाला वाटणार नाही? पण भिंती, कमानी आणि रंगीत काचा यांनी घराची केवळ शोभा वाढते. त्यात राहणाऱ्याला मनासारखे जाता-येता यावे आणि भोवतालच्या माणसांनी त्याला आपले म्हणावे, तेव्हाच परके गाव आपले होते. रत्नागिरीचे लोक त्या राजाला विसरले नाहीत. जांभ्या दगडाचा तो वाडा ‘थिबा पॅलेस’ म्हणून आणि खाडीवरचे ते उंच ठिकाण ‘थिबा पॉइंट’ म्हणून आजही ओळखले जाते. ज्या गावात त्याला मोकळेपणाने फिरता आले नाही, त्या गावच्या मुलांच्या तोंडी त्याचे नाव रोज आहे.

स्वाध्याय

१. थिबा राजाला ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने रत्नागिरी का निवडली असावी?
२. थिबा राजवाड्याच्या बांधणीत कोकणच्या हवामानाचा व दगडाचा विचार कसा दिसून येतो?
३. ‘दोघांच्याही दाराची किल्ली एकाच सत्तेच्या हाती होती,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात बाहेरून राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाला गाव आपले वाटावे म्हणून तुम्ही काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.