चुळबूळ : अंग काय बोलते आणि आपण काय ऐकतो



पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगाव लागते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून निघून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि 2021 साली त्याच्या मुख्यालयाच्या इमारती या कोळगावात उघडल्या. तेव्हापासून आठही तालुक्यांची माणसे आपापली कामे घेऊन येथे येतात. कोणी जव्हार-मोखाड्याचा घाट उतरून वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन येतो, कोणी किनाऱ्यावरून येतो, कोणी तारापूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसाच येऊन बाकावर टेकतो.

अशा बाकावरच्या मंडळींकडे जरा पाहावे. एकजण हातातली टोपी चुरगाळीत असतो. एकीची बोटे पदराच्या टोकाला पीळ घालीत असतात. एकाचा गुडघा सारखा हालत असतो. एखादा चार वेळा उठतो नि चार वेळा बसतो. यालाच आपण चुळबूळ म्हणतो. आणि पाहणारा काय म्हणतो? “याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.” “हिला धीर म्हणून नाही.” “पोराला वळणच लावलं नाही.” सप्ताहाच्या मंडपातही हेच चालते. कोणी मांडी बदलली, कोणी मधेच उठून बाहेर गेला, की शेजारचा मनात म्हणतो, “याचं चित्त कीर्तनात नाही.”

या महिन्याच्या पाठात आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे. हालणाऱ्या अंगावरून मनाचा निवाडा करता येतो का? आमचे उत्तर असे की, येत नाही. आणि जो करतो त्याच्या हातून पुष्कळदा निरपराधाला दंड होतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, स्थिर बसणे हा देहाचा स्वभावच नव्हे. 1885 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘नेचर’ या पत्रात एक गमतीचे टिपण दिले. एका सभेत कंटाळवाणा निबंध वाचला जात होता. त्याने समोरच्या श्रोत्यांच्या हालचाली मोजल्या. घड्याळ काढले तर लोकांचे लक्ष जाईल, म्हणून वेळ मोजला तो स्वतःच्या श्वासांवर. हिशेब निघाला माणशी मिनिटाला सुमारे एक हालचाल. श्रोते विषयात रंगले की हा आकडा निम्म्याच्याही खाली येई. “मग झालं तर! चुळबूळ म्हणजे कंटाळाच!” असे कोणी म्हणेल. पण थांबा. त्याच टिपणात त्याने बजावले आहे की, मुले क्वचितच स्वस्थ बसतात आणि वृद्ध विद्वान कित्येक मिनिटे ताठ बसून राहतात. तेव्हा हा हिशेब समुदायाचा झाला. तो उचलून एकट्या माणसाच्या माथी मारता येत नाही.

आता एकेक कारण पाहू.

पहिले कारण जागेपणाचे. रात्रपाळी करून आलेला माणूस पाय हालवतो तो झोप येऊ नये म्हणून. मनाला जरा आधार मिळावा म्हणूनही हात चाळा करतात. 2009 साली इंग्लंडात जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 40 जणांना एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरच्या आकृत्या रंगवायला दिल्या. पुढे विचारले तेव्हा रंगवणाऱ्यांच्या ध्यानात 29 टक्के अधिक गोष्टी राहिल्या होत्या. वारकऱ्याला यात नवल ते काय? आपला टाळ हातात वाजतो, पाऊल हालते, आणि नाम मुखात राहते. जनाबाईंचे दळण आणि सावता महाराजांचा मळा आपण सांगतो ते कशासाठी? हात कामात असताना चित्त ठिकाणी असू शकते, हेच ना?

दुसरे कारण भयाचे. भय वाटले की काळीज धडधडते, तळहातांना घाम सुटतो, अंग पळायला सिद्ध होते. बाकावर पळता येत नाही, मग ते बळ बोटांतून नि पायांतून बाहेर पडते. पण भय कशाचे, हे अंग सांगत नाही. लबाडाला पकडले जाण्याचे भय असते. खऱ्या माणसाला आपले खरे कोणी मानणार नाही याचे भय असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ हे 1890 चे नाटक पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेले. तेथे संशयाने पेटलेला नवरा बायकोची घाबरगुंडी पाहतो आणि तीच तिच्या अपराधाची साक्ष धरतो. ती निर्दोष असते, आणि तिचा जीव जातो. भीती घातली त्यानेच, आणि पुरावा म्हणून धरली तीही त्यानेच!

तिसरे कारण देहाच्या व्याधीचे. कित्येकांना, विशेषेकरून संध्याकाळी व रात्री, स्वस्थ बसले वा निजले की पायांत वळवळ सुटते, आणि पाय हालवला तरच बरे वाटते. 1945 साली कार्ल-अ‍ॅक्सल एकबोम या स्वीडिश वैद्याने या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. अंगातले लोह कमी पडणे हे तिचे एक मोठे कारण, आणि गरोदरपणी ती अधिक दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. प्रत्येकीला ही वळवळ असते असे नव्हे. पण रात्रीच्या कीर्तनात सारखी उठबस करणाऱ्या बाईला “भक्ती नाही” म्हणण्याआधी तिचे रक्त तपासले आहे का, हे घरच्यांनी विचारावे. कंपवाताने हात कापणारा म्हातारा आणि मधुमेहाने पायांत मुंग्या येणारा गृहस्थ, यांचेही तसेच.

चौथे कारण औषधाचे. मनाच्या आजारावरची काही औषधे, तशीच ओकारी थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड, यांनी काही रोग्यांना बसवतच नाही; आतून कोणी ढकलीत असल्यासारखे ते येरझारा घालतात. लोक म्हणतात, “वेड वाढलं.” वाढलेले असते ते औषधाचे दुष्परिणाम. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा वा औषध बदलतात.

पाचवे कारण आपल्या मंडळींनी नीट ऐकावे. माळ घातली की पुष्कळजण तंबाखूची पुडी फेकून देतात. फार चांगले करतात. पण तंबाखू सुटली की पहिल्या दिवसापासून जीव तगमगतो, चिडचिड होते, हातांना काय करावे ते सुचत नाही. पहिल्या आठवड्यात हे जोरात असते, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुधा ओसरते. नेमक्या याच दिवसांत तो नवा माळकरी भजनात चुळबुळताना दिसतो आणि जुने लोक हसतात, “याची माळ काही टिकत नाही.” अहो, त्याचे अंग झुंजते आहे आणि तो तरीही बसला आहे. त्याच्यासारखा श्रोता दुसरा कोण? त्या टोमण्याने कित्येकजण पुन्हा पुडीकडे वळत असतील. दारूचे मात्र याहून जपावे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी सोडली आणि हात कापू लागले, घाम सुटला, भलतेच दिसू लागले, तर ती चेष्टेची गोष्ट नाही. जीवावर बेतू शकते. त्याला तडक दवाखान्यात न्यावे. सोडायची ती वैद्याच्या देखरेखीखाली सोडावी.

सहावे कारण उपजत घडणीचे. काही मुलांची घडणच अशी की त्यांना हालल्यावाचून राहवत नाही. काही हात फडफडवतात, डुलतात. त्याने त्यांचे मन निवते. काहींना मान वा डोळे झटकण्याची ओढ आवरत नाही. मार देऊन यातले काही जात नाही. भय तेवढे वाढते, आणि भयाने झटके वाढतात.

आता कोणी शंका घेईल, “पण अनुभवी डोळ्याला लबाड कळतोच की!” याचेही उत्तर मोजून मिळाले आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अभ्यासकांनी 2006 साली पूर्वीच्या प्रयोगांचा मेळ घातला. त्यांत पारख करणारे सुमारे 24 हजार लोक होते. खरे-खोटे ओळखण्यात ते 100 पैकी 54 वेळा बरोबर आले. नाणे उडवले तरी 50 येतात! लोकांचा ठाम समज असा की, लबाड चुळबुळतो आणि नजर चुकवतो. प्रत्यक्षात या खुणा फार कच्च्या निघाल्या. त्यात आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे, साहेबापुढे नजर खाली ठेवणे ही मर्यादा. म्हणजे माणूस आदर दाखवतो, आणि समोरचा त्याचीच चोरी धरतो.

दुसरी शंका अशी की, मग काहीही चालवून घ्यायचे का? तसे नव्हे. मंडपात मोबाइल वाजवणे, शेजाऱ्याशी गप्पा छाटणे, हा दुसऱ्याला उपद्रव आहे. तो जरूर थांबवावा. पण उपद्रव थांबवणे वेगळे आणि मनाला डाग लावणे वेगळे. “माउली, बाहेर जरा मोकळे व्हा, मग या,” एवढे पुरते. तसेच कचेरीत शंका आली तर कागद पाहावा, साक्ष घ्यावी, पुन्हा विचारावे. टोपी चुरगाळली हा काही पुरावा होत नाही.

मग करावे काय? सप्ताह भरवणाऱ्यांनी मंडपाच्या कडेला उठबस करण्यापुरती वाट ठेवावी, वृद्धांना खुर्च्या द्याव्यात, लांबच्या बैठकीत मधे उभे राहून गजर घ्यावा. गाऱ्हाणे ऐकणाऱ्याने आधी “बसा, पाणी घ्या” म्हणावे; भय उतरले की अर्धी चुळबूळ आपोआप जाते. ज्याला चाळा आवरत नाही त्याने लाजू नये. हातात मण्यांची माळ घ्यावी, रुमालाला गाठ मारावी, कडेला बसावे. आणि वळवळ, कंप, तगमग रोजचीच असेल तर आरोग्य केंद्रात दाखवावे.

आणि पाहणाऱ्याने? त्याने एक नेम करावा. शेजाऱ्याचे अंग हालले की लगेच निवाडा न करता, “बरं वाटत नाही का?” असे हळूच विचारावे. उत्तर काय येईल ते येईल. पण विचारणाऱ्याच्या हातून त्या दिवशी तरी कोणा निरपराधाला दोष लागणार नाही.

राम कृष्ण हरि.