करमणुकीची कुळकथा



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. एटापल्लीच्या वाटेवरील नाले दुथडी भरून वाहत होते. दोन दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही मुका झाला होता. सायंकाळी वसतिगृहाच्या पडवीत मुले हिरमुसली होऊन बसली असता पाचवीतील एकाने मला विचारले, "गुरुजी, मोबाइल नव्हते तेव्हा लोक कंटाळून जात नसत का?" सर्वजण हसले. तोच सूरजागडकडील एक लहानगा कोपऱ्यातून म्हणाला, "आमच्या गावी वीज गेली की आजोबा ढोल काढतात."

त्या दोघांच्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि त्यातूनच हा लेख जन्मास आला. पूर्वीचे लोक आपले मन कसे रमवीत, हे आज आपण पाहू.

मनुष्य जितका जुना, तितकाच त्याचा खेळही जुना. सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो नावाचे नगर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी नांदत होते. तेथील उत्खननात मातीच्या चिमुकल्या गाड्या, पाखराच्या आकाराच्या शिट्ट्या आणि सोंगट्यांच्या खेळाचे फासे सापडले. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले चाके लावलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मिरवतात. तो बैल पाहिला की मला त्या मातीच्या गाड्या आठवतात. राज्ये लयास गेली, नगरे मातीखाली गेली. पण गाडी ओढण्यातील मुलांचा आनंद काही आटला नाही.

बसून खेळावयाचे खेळही तितकेच प्राचीन आहेत. आजच्या इराक देशात ऊर नावाचे पुरातन नगर होते. तेथील राजघराण्याच्या थडग्यांत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शिंपले जडविलेले सुरेख पट मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही कित्येक लेण्यांच्या व किल्ल्यांच्या खडकांवर खेळाची घरे कोरलेली आढळतात. पहाऱ्यावर बसलेल्या शिपायाने अथवा विसाव्यास थांबलेल्या वाटसरूने चार खडे गोळा करावे आणि डाव मांडावा! खर्च कवडीचा नाही; लागे तो फक्त समोर बसणारा सोबती.

राजेलोकांची करमणूक अर्थात थाटाची असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात गायन, नृत्य, कथा, कुस्ती, मृगया, हत्ती-घोड्यांचे खेळ अशा कितीतरी विनोदांचे वर्णन आले आहे. येथे 'विनोद' म्हणजे थट्टा नव्हे, तर मनाचे रंजन, हे ध्यानात ठेवा.

परंतु मुलांनो, प्रत्येक करमणूक निर्मळच असते असे नाही. ऋग्वेदातील एका सूक्तात फाशांच्या नादाने घर गमावून बसलेला जुगारी आपली दुर्दशा सांगतो. द्यूतात पांडवांनी काय घालविले, हे तर तुम्हांस ठाऊकच आहे. रोम शहरात इसवी सन ८० मध्ये कोलोसियम नावाची प्रचंड रंगभूमी खुली झाली. तेथे माणसांना माणसांशी व श्वापदांशी झुंजविले जाई आणि हजारो लोक ते पाहून टाळ्या पिटीत. आपल्या भागात बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या पायास पाते बांधून झुंज लावतात आणि तिच्यावर पैसे लावतात, त्याचे मूळही त्याच वृत्तीत आहे. बैलांच्या शंकरपटाचा प्रश्नही असाच न्यायालयापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यती बंद केल्या. पुढे महाराष्ट्रात बैलांच्या रक्षणाच्या अटी घालून २०२१ साली त्यांस पुन्हा परवानगी मिळाली. तात्पर्य, 'मला मजा वाटली' एवढ्याने भागत नाही. 'माझ्या मजेची किंमत कोणी भरली?' हेही विचारावे लागते.

आता आपल्या रानाकडे वळू. सूरजागडचा डोंगर आज लोहखनिजामुळे दूरदूर ठाऊक झाला आहे. परंतु येथील माडिया बांधवांना तो ठाकूरदेवाचा डोंगर म्हणून ठाऊक आहे. दरवर्षी जानेवारी महिन्यात तेथे यात्रा भरते आणि गावोगावचे लोक ढोल घेऊन जमतात. माडियांच्या गावात गोटुल असते. सायंकाळी तेथे तरुण मुलेमुली जमतात, गातात, नाचतात. गावाची बैठकही तेथेच बसते. त्यांच्या नृत्यगीतांस 'रेला' म्हणतात. रेला म्हणजे बहाव्याचे पिवळे फूल. हातात हात गुंफून फेर धरला जातो. एक गट गातो, दुसरा उत्तर देतो. तेथे तिकीट नाही, पहिली रांग नाही, शेवटची रांग नाही. प्रेक्षक आणि कलावंत हा भेदच तेथे पुसला जातो.

नागपूर येथे स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी शिक्षक होते. त्यांनी गोंड लोकांमधील लिंगोची दीर्घ गीतकथा मोठ्या आस्थेने टिपून घेतली. १८६३ साली ते वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्या कथेत लिंगो झाडावर बसून वाद्य वाजवितो, आणि त्या सुरांनी एक भयंकर राक्षस व त्याची बायको देहभान विसरून नाचू लागतात. ज्यांच्याशी वैर व्हावयाचे, त्यांच्याशी सुरांनी स्नेह जुळतो! करमणुकीचे याहून मोठे सामर्थ्य कोणते असेल?

डोंगर उतरून वैनगंगेच्या खोऱ्यात यावे तो धानाचा मुलूख लागतो. यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली, धान कापून झाले, की होळीपर्यंत येथे नाटकांचा हंगाम चालतो. दंडार या जुन्या लोकनाट्याची परंपरा याच मातीतली. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात, पाहुणे येतात, आणि रात्रभर नाटक चालते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे होय. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री हा किताब मिळाला. दिवसा शेतात राबणारा मनुष्य रात्री राजाचा मुकुट घालतो, हे या रंगभूमीचे वैभव आहे.

तिकडे शहरांत काय घडत होते? १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केले. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दिसली. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. १९२७ साली मुंबईहून नभोवाणीचे केंद्र सुरू झाले आणि १९७२ साली दूरदर्शनचे. आता तर नाटक, गाणे, खेळ, सारेच तळहातावर आले आहे.

या यंत्रांचा मी द्वेष करीत नाही. त्यांच्यामुळे रानातील मुलाला समुद्र पाहावयास मिळतो. परंतु एक बदल ध्यानात घ्या. पूर्वी मनुष्य करमणूक करीत असे. आज बहुधा तो ती पाहतो. पूर्वी तीस सोबती लागे; आज एकट्यास पुरते. आणि जे आपण करीत नाही, ते हळूहळू विसरतो. रेलाची गाणी बहुतेक पुस्तकात नाहीत. ती आजीच्या कंठात आहेत. एका पिढीने गाणे सोडले, तर पुढच्या पिढीस ते कोणत्या ग्रंथालयात मिळणार?

त्या पावसाळी सायंकाळी पुढे काय झाले, ते सांगून लेख संपवितो. त्या लहानग्याने पत्र्याची पेटी पालथी घातली आणि आजोबांचा ताल धरला. आधी दोघे उठले, मग सहा, मग सारी पडवी फेर धरू लागली. मलाही ओढून नेले. माझी पावले चुकली, तशी मुले पोट धरधरून हसली. मध्येच वीज आली. काही मुले मोबाइलकडे धावली, हे खरे. पण बरीच मुले थांबली, आणि ताल चालूच राहिला.

येत्या सुटीत प्रत्येकाने घरातील वडील माणसांस विचारून एक जुना खेळ किंवा एक गाणे शिकून यावे, आणि वहीत लिहून आणावे. पालकांस माझी विनंती आहे की, मुलाने विचारले असता 'आता कोण खेळतो ते!' असे म्हणू नये. चार खडे घ्यावे, अंगणात घरे आखावी, आणि मुलासमोर बसावे.