पुराव्यानिशी

मी बेळगावची. बंगळूरमधल्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमचं महाविद्यालय ज्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेलं आहे, त्याचं मुख्यालय बेळगावजवळ, मच्छ्याला. म्हणजे मला माहेरहून फराळ येतो आणि अभ्यासक्रमही. देशभरातल्या महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, 1994 मध्ये स्थापन झाली. तिचं कार्यालय बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, नागरभावीत आहे. गावाकडच्यांना वाटतं, ऑफिस शहरातच आहे म्हणजे हिचं काम सोपं. प्रत्यक्षात सगळा कारभार ऑनलाइन, त्यामुळे नागरभावी मला पुण्याइतकीच लांब.

महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो, आयक्यूएसी. त्याचं समन्वयकपद कुणी मागून घेत नाही. ज्याचं एक्सेल बरं, त्याच्या गळ्यात पडतं. माझं बरं होतं. त्या खुर्चीत बसून जे उमगलं ते हे. तुमचं क्षेत्र वेगळं असेल, पण तपासणी कुणाला चुकली आहे?

1. नुसतं शिकवून भागत नाही, शिकवल्याची खूण मागे उरावी लागते. नॅकने 2017 मध्ये पद्धत बदलली आणि सुमारे सत्तर टक्के भार आकड्यांत मांडता येणाऱ्या माहितीवर आला. ती संस्थेने भरायची आणि तिऱ्हाइताने कागद पाहून पडताळायची. त्यामुळे पाहुण्यांचं व्याख्यान संपत आलं की मागून कुणीतरी हळूच विचारतं, “जिओटॅग चालू आहे ना?” वक्त्याचं डोकं अर्धं कापलं गेलं तरी चालेल, फोटोवर अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत. मला याचं हसू यायचं. पण मुलं खरे प्रश्न विचारतात ते जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत, नाहीतर कॉलेजची बस सुटायच्या बेतात असताना. त्यांच्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. आधी याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, बरंच आहे. तेवढं तरी आम्ही कुणाला दाखवण्यासाठी करत नाही.

2. आवडीचा विषय आपण चांगलाच शिकवतो, ही समजूत आकड्यांपुढे टिकेलच असं नाही. नॅक अख्खी संस्था पाहते. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, एकेका शाखेचा अभ्यासक्रम पाहतं. हे मंडळ 2014 मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाच्या वॉशिंग्टन कराराचं कायम सदस्य झालं. त्यांचा सगळा रोख एकाच गोष्टीवर: मुलाला शेवटी येतं काय? मग प्रत्येक विषयाची फलितं लिहायची, प्रश्नपत्रिकेतला एकेक प्रश्न त्यांना जोडायचा, आणि सत्र संपलं की कोणतं फलित किती साधलं ते मोजायचं. स्टाफरूममध्ये याला ‘सीओ-पीओ’ (कोर्स आउटकम, प्रोग्रॅम आउटकम) म्हणतात आणि म्हणताना उसासा टाकतात. माझ्या विषयात फूरिये रूपांतर मी जीव ओतून शिकवते आणि झेड-ट्रान्सफॉर्म उरकते. आकडे आले ते नेमके उलटे. बहुधा असं होत असावं, की मला रंगलेली पाहून मुलं नुसती ऐकत बसतात, आणि मी उरकलेला भाग त्यांना स्वतः सोडवावा लागतो. खरं कारण तक्त्याने सांगितलं नाही. पण तक्ता नसता तर हा प्रश्न मला जन्मात पडला नसता.

3. श्रेणी नेमकी कुणाची, हे फार थोडे लोक विचारतात. जून उजाडला की बेळगाव, कोल्हापूर, सांगलीहून फोन सुरू होतात. “ताई, कॉलेजला ए प्लस आहे म्हणे, घालू का पोराला?” मी विचारते, शाखा कुठली? त्या शाखेला एनबीए आहे का? असेल तर तीन वर्षांचं की सहा, आणि कधी संपतंय? पलीकडे शांतता. कॉलेजची श्रेणी उत्तम आणि हव्या त्या शाखेला अधिस्वीकृतीच नाही, असं असू शकतं. पुण्याच्या सिम्बायोसिसची एक व्यवस्थापन संस्था इथे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज वनमध्ये आहे. अभिमत विद्यापीठाला मिळालेली श्रेणी पुण्यातल्या टेकडीवरच्या आवाराची, तीच होसूर रोडवरच्या आवाराचीही. त्यात वावगं काही नाही, कारण मूल्यांकन विद्यापीठाचं होतं. पण आपल्या पोराला शिकायचं असतं एका वर्गात. म्हणून मी सांगते, कॉलेजच्या संकेतस्थळावर त्यांचा स्वयंअध्ययन अहवाल असतो, तो उघडून बघा. कुणी उघडत नाही. आमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मीसुद्धा आधी श्रेणीच पाहिली होती.

4. मोजणाऱ्याला आपल्या अडचणी कळत नाहीत, ही तक्रार दरवेळी खरी नसते. नॅकचे निकष सात आणि गुण एकूण 1000. त्यात अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन यांना विद्यापीठासाठी 200 गुण, तर आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयासाठी 350. संशोधनाचं उलट: विद्यापीठाला 250, आम्हाला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे हा आराखडा करताना कुणीतरी विचार केला होता, की या लोकांच्या हाती अभ्यासक्रम नाही, मोठ्या प्रयोगशाळा नाहीत. यांच्या हाती आहे तो वर्ग. हे कळल्यावर बरं वाटलं, आणि लगेच पंचाईतही झाली. अभ्यासक्रम जुना, वरून आलेला, आम्ही काय करणार, हे आमचं स्टाफरूममधलं ठेवणीतलं वाक्य त्या 350 गुणांपुढे लंगडं पडतं.

5. तपासणीने गांजलेले आपण एकटेच नसतो. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांमधल्या 332 एकरांवर आर. के. बाळिगांनी 1970च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीची मुहूर्तमेढ रोवली. आज आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या दाराआड सॉफ्टवेअर आहे. मला वाटायचं, ही मंडळी माझ्या फायलींना हसतील. कुणी हसलं नाही. 1981 मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे बंगळूरला आलेल्या इन्फोसिसला 1999 मध्ये सीएमएमची, म्हणजे सॉफ्टवेअर प्रक्रियांची परिपक्वता मोजणाऱ्या आराखड्याची, पाचवी पातळी मिळाली. परदेशी गिऱ्हाइकापुढे उभं राहायचं तर त्या काळात ही पातळी लागायची, आणि ती मिळवताना रात्री जागवलेली माणसं आमच्या लिफ्टमध्ये रोज भेटतात. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने नॅकसाठी सुचवलेल्या सुधारणा जानेवारी 2024 मध्ये स्वीकारल्या गेल्या. त्यांत आधी नुसतं अधिस्वीकृत आहे की नाही हे ठरणार, आणि पुढे परिपक्वतेच्या एक ते पाच पातळ्या. मी हे सांगितल्यावर शेजारचे काका गालात हसले. म्हणाले, “लेव्हल फाइव्हनंतरही बग येतातच हो. फक्त तो कुठून आला हे सापडतं.” आयक्यूएसीच्या कुठल्याही कार्यशाळेत मला इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

6. श्रेणीला सवलत जोडली की श्रेणी जड होते. नॅक आधी तारे देत असे, मग अक्षरं आली, मग सरासरीचा आकडा, मग ए प्लस प्लसपासून खाली सात पायऱ्या. 2013 पासून मूल्यांकन बंधनकारक झालं. 2018 च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार सरासरी 3.51 किंवा त्यावर असलेलं विद्यापीठ पहिल्या वर्गात बसतं, आणि त्याला बऱ्याच गोष्टींसाठी यूजीसीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. 3.50 वाला एका शतांशाने दुसऱ्या वर्गात. एवढं त्या शतांशावर टांगलेलं असलं की त्याला ढकलायला हात पुढे येणारच. मार्च 2023 मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन, यांनी गैरप्रकारांची शंका जाहीरपणे मांडत पद सोडलं. त्यांच्या जागी डॉ. अनिल सहस्रबुद्धे आले. दोन्ही नावं मराठी, तेव्हा घरून लगेच फोन: “तुमच्या ऑफिसात काय चाललंय गं?” जणू मी नागरभावीतच बसते. फेब्रुवारी 2025 मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी विनोद केला नाही. आमचा संबंध नव्हता, तरी ओशाळल्यासारखं झालं. आता दशांश जातील, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरेल, हे मला पटतं. फक्त मनात येतं, सात पायऱ्यांवर विभागलेला भार उद्या एकाच रेषेवर आला तर?

7. तपासायला येणारेही आपल्यातलेच असतात. समितीचे सदस्य म्हणजे दुसऱ्या राज्यांतले कुलगुरू, प्राचार्य, प्राध्यापक. त्यांचा दौरा थेट कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा: रंग दिलेल्या भिंती, इस्त्रीचे कपडे, पढवलेली उत्तरं. फरक इतकाच, की इथे बघायला आलेले स्वतःही पुढच्या वर्षी कुणापुढे तरी बसणार असतात. एका वयस्कर सरांनी आमच्या चकचकीत फायलींवरून नुसता हात फिरवला आणि लॅब अटेंडंटला विचारलं, “यातले किती ऑसिलोस्कोप बंद आहेत?” त्याने बिचकत खरं ते सांगितलं. आमच्या पोटात गोळा. सर म्हणाले, “आमच्याकडेही तेवढेच.” नंतर त्यांनी शेरा लिहिला तो दुरुस्तीची नोंदवही नीट ठेवल्याबद्दल. ती वही आमच्या कुठल्याच फायलीत नव्हती. अटेंडंट आपल्या सोयीसाठी ती ठेवत होता. मूल्यांकनाची तयारी आमच्यापैकी सर्वांत चांगली त्याचीच झाली होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

8. दाखवण्यासाठी सुरू केलेलं काम कधी कधी खरं होऊन बसतं. सातव्या निकषात संस्थेने आपल्या दोन ‘उत्तम प्रथा’ लिहायच्या असतात. आमच्याकडे एक होती. दुसरी शोधताना घाम फुटला. शेवटी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचा गणिताचा वर्ग घ्यायचं ठरलं. हेतू फारसा उदात्त नव्हता. रकाना रिकामा दिसू नये, एवढाच. समिती आली, गेली, श्रेणी लागली. वर्ग मात्र थांबला नाही, कारण मुलं यायची थांबली नाहीत. आधी हेतू शुद्ध हवा आणि मग काम, असं मी लहानपणापासून ऐकत आले. इथे काम आधी झालं आणि हेतू मागून धापा टाकत आला. हे मूल्यांकनाचं श्रेय की मुलांचं, याच्या वादात मी पडत नाही. पुढचं चक्र नव्या पद्धतीने येईल, नवे रकाने घेऊन येईल, आणि त्यांतलेही काही आमच्याकडे रिकामेच असतील. मी स्वतःपुरतं एवढं ठरवून टाकलंय: भरताना तेच लिहायचं, जे पुढची पाच वर्षं खरोखर करावं लागलं तरी आपली तक्रार नसेल.