कीटकांचे पंख आणि त्यांचे गण

कपाशीच्या शेतात दोन तांबूस कीटक हमखास दिसतात. दोघांच्याही पाठीवर काळे ठिपके असतात. एक ढालकिडा, तो मावा खाऊन पिकाचे रक्षण करतो. दुसरा लाल ढेकण्या. तो सरकीतील रस शोषतो व त्याच्यामुळे कापसाला डाग पडतात. केवळ रंग पाहून औषध फवारणारा शेतकरी आपल्याच मित्राचा जीव घेतो.

म्हणून पंख व मुखावयव पाहावेत. ढालकिड्याचे पुढचे पंख टणक असून पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत मिटतात. हा कोलिऑप्टेरा गण. सर्व भुंगेरे याच गणातले. ढेकण्याचे पुढचे पंख मुळाशी जाड व टोकाकडे पातळ असतात. मिटल्यावर ते एकमेकांवर चढतात आणि पाठीवर फुलीसारखी आकृती उमटते. डोक्याखाली सुईसारखी सोंड दुमडलेली असते. हा हेमिप्टेरा गण. मावाही याच गणात मोडतो.

‘प्टेरॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पंख. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली कीटकांचे सात गण पाडले, तेही मुख्यतः पंखांवरूनच. फुलपाखरांच्या पंखांवर खवले असतात, म्हणून ती लेपिडॉप्टेरा. माशी व डास यांना पंखांची एकच जोडी, म्हणून ते डिप्टेरा. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी या हायमेनॉप्टेरा गणातल्या. आता कामकरी मुंगीला पंखच नसतात! तेथे बारीक कंबर व कोपरासारख्या वाकलेल्या शृंगिका पाहाव्या लागतात.

ढालकिड्याच्या अळीलाही पंख नसतात. काळसर, लांबट आणि खरबरीत अंगाची ही अळी कीड समजून चिरडली जाते. वास्तविक तीही मावाच खात असते.