ज्योत लागते, पण टिकत नाही



आजचं वाचन ऋग्वेदाचं पहिलं सूक्त, अग्नीचं. त्यात अग्नीला पुरोहित म्हटलंय. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. इथे मी अडकलो, कारण मला मिनेसोटातली गेल्या जानेवारीची एक रात्र आठवली.

रात्री लाइट गेले. बाहेर उणे २० सेल्सिअस. घर तापवणारी फर्नेस गॅसवर चालते खरी, पण तिच्या पंख्याला वीज लागते, तीही बंद. नाशिकहून आलेली आई दोन शाली पांघरून बसलेली. उरली हॉलमधली गॅसची फायरप्लेस. आमच्या मॉडेलला घरची वीज लागत नाही.

तिच्यात मोठ्या जाळाआधी एक छोटी निळी ज्योत पेटवायची असते, पायलट. नॉब दाबला, ठिणगी पडली, ज्योत लागली. नॉब सोडला की गेली. पाच वेळा हेच.

असं का होतं? ज्योतीत थर्मोकपल नावाची बारीक सळई असते. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापला की वीज तयार होते. सीबेकला हा परिणाम १८२१ मध्ये सापडला. वीज किती, तर जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट. पण तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. म्हणजे ज्योतच स्वतःचा गॅस चालू ठेवते! ती विझली की सळई थंड आणि झडप बंद, म्हणून घरात गॅस साठत नाही. नॉब दाबून धरायचा तो सळई तापेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट.

मी पूर्ण मिनिट धरला. तरी तेच. मग वाटलं, चिकटपट्टीने नॉब दाबूनच ठेवावा. फेल होणारा चेक कॉमेंट करून टाकायची सवय आपल्या हातात असतेच ना! पण इथे त्या चेकवर आईचा जीव होता. लाज वाटली.

आई म्हणाली, "काजळी धरली असेल रे. समईची वात झाडतोस ना?"

गॅसचा वास नव्हता. असता तर कशालाही हात न लावता आधी दोघं बाहेर, फोनसुद्धा बाहेरूनच.

गॅस बंद केला, सगळं गार होऊ दिलं, काच काढून टॉर्च मारला. सळईवर काळा थर! बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासला, काच परत बसवली. नॉब अर्धा मिनिट धरला आणि सोडला.

ज्योत राहिली.

आईने शालीतून हात काढून नमस्कार केला. मग म्हणाली, "आता चहा टाक."