रक्तातील बुडबुड्यांचा आवाज

कर्जत सोडून आगगाडी खंडाळ्याचा घाट चढू लागली, की प्रवाशांच्या कानांना दडे बसतात आणि मुलांच्या हातांतील खाऊची हवाबंद पिशवी टम्म फुगते. पिशवीत कोणी हवा भरलेली नसते; बाहेरच्या हवेचा दाब मात्र कमी झालेला असतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी कमी असतो. तुम्हा-आम्हांला या फरकाने अपाय होत नाही. परंतु त्याच डब्यात समुद्रात खोल बुड्या मारून नुकताच आलेला एखादा पाणबुड्या बसला असेल, तर त्याला हा घाट घातक ठरू शकतो.

असे का व्हावे? पाण्यात दर 10 मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. 30 मीटर खोलीवर तो चौपट होतो आणि पाणबुड्याला श्वासाची हवाही तितक्याच दाबाने घ्यावी लागते. हवेतील नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, तेव्हा रक्तात व चरबीत अधिकाधिक विरघळू लागतो. गोळीच्या सोड्याची बाटली तुम्ही पाहिली असेल. गोळी आत ढकलताच दाब उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. पाणबुड्या घाईने वर आला, म्हणजे त्याच्या शरीरातही असेच बुडबुडे होतात. त्यांमुळे सांध्यांत कळा येतात; मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळे पडतात; प्रसंगी प्राणही जातात.

जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने थांबत वर कसे यावे याचे तक्ते 1908 साली प्रसिद्ध केले. बिचाऱ्या शेळ्यांना समुद्राशी काय कर्तव्य! पण त्यांच्यामुळे कित्येक पाणबुड्यांचे हातपाय शाबूत राहिले. असे तक्ते सामान्यतः समुद्रसपाटीसाठी केलेले असतात. मावळातील पवना धरणाच्या जलाशयासारख्या उंचावरील पाण्यात 28 मीटरांची बुडी मारली, तर ती तक्त्यात सुमारे 30 मीटरांची धरावी लागते. समुद्रात एकच साधी बुडी मारल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास आणि अनेक बुड्या मारल्यावर 18 तास थांबावे, असा सल्ला देतात. सुमारे 600 मीटरांहून उंच ठिकाणी जातानाही तोच पाळतात. लोणावळा त्या मर्यादेच्या जरासेच वर येते.

तक्ता सर्वांसाठी एक. शरीरे मात्र निरनिराळी. मग या पाणबुड्याच्या रक्तात आता बुडबुडे आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? ऐकून ओळखावे! मळवली स्थानकात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना उंच पट्टीत आणि दूर जाताना खालच्या पट्टीत ऐकू येते. ख्रिस्तियन डॉप्लर याने 1842 साली या बदलाचे तत्त्व मांडले. आपल्या कानांना ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी छातीवरून हृदयाकडे सोडला, तर वाहत्या रक्तावरून परतताना त्याचीही पट्टी बदलते. तो बदल यंत्र सुसकाऱ्यासारखा ऐकवते. बुडबुडा गेला, की त्यात चिवचिवाटासारखा तीव्र आवाज उमटतो. पाणबुड्याला आधी स्वस्थ उभे करून आणि मग उठाबशी काढायला लावून हा आवाज ऐकतात. कारण स्नायू हलले, की तेथे अडकलेले बुडबुडे सुटून हृदयाकडे धावतात. अमेरिकेतील मेरिल स्पेन्सर याने 1974 साली या आवाजांच्या 0 ते 4 अशा पायऱ्या ठरवल्या.

परंतु असा कान तयार होण्यास दीर्घ सराव लागतो, आणि एकच आवाज ऐकून दोन जाणकार कधी कधी निरनिराळ्या पायऱ्या सांगतात. म्हणून हे काम संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न संशोधक करीत आहेत. काम सोपे नाही. हृदयाच्या झडपांची धडधड इतकी मोठी असते, की बुडबुड्याची चिवचिव तीत बुडून जाते. जाणकारांनी पायरी ठरवलेले पुष्कळ आवाज संगणकाला ऐकवावे लागतात. तेव्हा कोठे त्याला धडधडीतून चिवचिव निवडता येऊ लागते.

तरीही यंत्राने बुडबुडे मोजले म्हणजे रोग सापडला, असे नव्हे. पुष्कळ बुडबुडे असूनही कित्येकांना काहीच त्रास होत नाही. उलट, मुळीच बुडबुडे ऐकू न आलेल्यांत हा विकार क्वचितच आढळतो. त्यामुळे या मोजणीचा उपयोग मुख्यतः कोणती बुडी अधिक जोखमीची आणि कोणता तक्ता अधिक सुरक्षित, हे पारखण्यासाठी होतो. सांध्यात कळ आलीच, तर यंत्र काय म्हणते याची वाट पाहत नाहीत. रुग्णाला शुद्ध प्राणवायू देतात आणि दाबकक्षात नेऊन पुन्हा दाबाखाली ठेवतात, म्हणजे बुडबुडे आकसून हळूहळू विरघळतात.